गळा चिरलेले पाखरू

वैशाखात सोलापूरला जातो आहे असे सांगितले, तेव्हा आमच्या शाळेतल्या एकाही मास्तराने मला शहाण्यात जमा केले नाही. सुट्टीत माणसे महाबळेश्वरला जातात, निदान आपल्या कोकणात तरी जातात. मी चित्रकलेचा मास्तर रंगांची पेटी, जुनी दुर्बीण आणि दोन धोतरे घेऊन त्या भट्टीकडे निघालो होतो. कारण विष्णुपंतांचे पत्र आले होते.

विष्णुपंत हे सोलापूरच्या नवी पेठेत राहणारे निवृत्त तारमास्तर. तीस वर्षे त्यांनी त्या भागातले पक्षी पाहिले आणि पाहिलेले सगळे तारीखवार लिहून ठेवले. मी त्यांना पक्ष्यांची चित्रे काढून देत असे, त्यातून आमची ओळख झाली. माणूस नावाच्या बाबतीत फार कडक. एकदा मी पत्रात शिक्र्याला ससाणा लिहिले, तर उलट टपाली चार ओळींची कानउघाडणी आली होती. शब्द मात्र अजून तारेसारखे मोजून वापरत.

पत्र असे होते: "हिप्परग्याच्या तळ्यावर काळा पक्षी आला आहे. पंख घारीच्या दुप्पट. शेपूट कात्रीसारखे. गळा चिरल्यासारखा तांबडा. पाण्यावर बसत नाही. ओरडत नाही. लोक घाबरले आहेत. मी एकट्याने पाहिले तर कोणी मानणार नाही. या."

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता. काही वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक दुर्मिळ पक्षी पाहून मुंबईच्या एका विद्वान मंडळाला कळवले होते. तिकडून उत्तर आले की, आपली नजरचूक झाली असावी. पक्ष्याचे कातडे पाठवल्यास विचार करू. ते पत्र त्यांनी फाडले नाही, कुणाला दाखवलेही नाही. मला एकदाच दाखवले होते.

सकाळच्या गाडीने मी पुणे सोडले. दौंडच्या पुढे हिरवे असे काही उरत नाही. काळे रान भेगाळलेले, त्यावर ऊन थरथरत असते आणि लांबचे एखादे झाड जमिनीपासून वीतभर वर तरंगताना दिसते. डब्यात फफुटा (बारीक धुरळा) इतका येत होता की पंचा ओला करून तोंडावर धरावा लागला. कुर्डुवाडीला एक म्हातारा शेतकरी समोर येऊन बसला. त्याने माझ्या दुर्बिणीकडे बराच वेळ पाहिले.

"कुटं निगालासा?"

"सोलापूरला. पक्षी बघायला."

तो हसला. "हितली पाखरंच सावली हुडकत्यात की. तुमी उनात त्यास्नी हुडकणार." मग एकाएकी हसणे थांबवून हळू आवाजात म्हणाला, "हिप्परग्याचं न्हवं ना? त्ये गळा कापल्यालं?"

मी होय म्हणालो. माढ्याला उतरेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला, आणि उतरताना पिशवीतला एक कांदा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "उनाचं खिशात ठेवा." पन्नास मैलांवर त्या पक्ष्याची बातमी पोचली होती.

सोलापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. रस्ते रिकामे, दुकानांवर तरटाचे पडदे ओले करून सोडलेले. टांगेवाल्याला मी सहज विचारले, की उद्या तळ्यावर येशील का. त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि मान हलवली. "नक्को साब. शहर में कहीं भी बोलो. उधर मेरा घोडा नै जाता."

विष्णुपंत दारातच उभे होते. वर्षभरात माणूस वाळला होता. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि हुलग्याचे माडगे (हुलगे भरडून केलेले पातळ) होते. चटणी अशी जहाल की माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि विष्णुपंत म्हणाले, "कोकणातला माणूस." एवढाच काय तो दिवसभरातला विनोद.

संध्याकाळी नरसय्या आला. हा एका कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, घरी तेलुगू बोलणारा, आणि विष्णुपंतांबरोबर रविवारच्या रविवारी पक्षी पाहत हिंडणारा एकमेव माणूस. विष्णुपंतांना त्या काळ्या पक्ष्याची पहिली बातमी त्यानेच दिली होती. मी त्याला म्हटले, उद्या तुम्हीही चला. तो उंबऱ्यावरच बसला होता. त्याने जमिनीकडे पाहिले.

"नको मास्तर. मी पक्षी बघायला जातो. तो पक्षी मला बघितला."

"म्हणजे?"

"तासभर माझ्या डोक्यावर होता. पंख हलवला नाही. मी चाललो की तो चालायचा, मी थांबलो की तो थांबायचा." मग विष्णुपंतांना म्हणाला, "तुम्ही पण जाऊ नका." तो उठून गेला.

मग विष्णुपंतांनी कोपऱ्यातले घोंगडे उलगडले. आत दुनळी बंदूक होती. मार्शल लॉ उठून दोन-तीनच वर्षे झाली होती, आणि सोलापुरात बंदुकीचे नाव काढणेही अवघड होते. तळ्याकडच्या एका पाटलाने परवाना असलेली आपली बंदूक केवळ भिडेखातर चार दिवसांसाठी दिली होती.

"मारणार?" मी विचारले.

"कातड्याशिवाय ते मानत नाहीत," विष्णुपंत म्हणाले. "मी एकोणसत्तर वर्षांचा आहे, मास्तर. असा पक्षी पुन्हा येणार नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दुसरा एक टांगेवाला मिळाला. त्याने निम्म्या वाटेवरच्या विहिरीपाशी आम्हाला उतरवले आणि तोंड फिरवले. पुढे दोन मैल चालत गेलो. पाण्याची सुरई माझ्याकडे होती. ती ठेच लागून फुटली आणि वैशाखातल्या उन्हात आमच्याजवळ प्यायला एक थेंब उरला नाही. विष्णुपंत माझ्यावर रागावले नाहीत. त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकले. काहीच ऐकू येत नव्हते. तळ्याच्या काठी टिटवी नाही, साळुंकी नाही, होला नाही. उन्हाळ्यात पाणी आटत जाते तसे पक्षी उरलेल्या पाण्याभोवती गर्दी करतात, असे मी आजवर पाहिले होते. इथे मैल-दोन मैल पसरलेले करड्या रंगाचे पाणी होते, आणि त्यावर एक पंख नव्हता.

काठावरच्या बाभळवनात शिरलो तेव्हा एक कारण समजले. झाडांखाली कावळे मरून पडले होते. एक-दोन नव्हे, पावला-पावलाला. ऊन लागून त्यांची कातडी पिसांसकट वाळली होती आणि वास असा राहिला नव्हता. वरच्या फांद्यांत घरटी विस्कटलेली होती. बाभळीचा पाला झडून झाडे पौषातल्यासारखी उघडी झाली होती.

"आठ दिवसांपूर्वी गारांचा वळीव झाला," विष्णुपंत म्हणाले. "कावळे अंड्यांवर बसले होते. उठले नाहीत."

आणि मग त्यांनी माझा दंड धरला. मी वर पाहिले.

तो आमच्या माथ्यावर होता. फार उंच नाही. लांब, कोपरात मोडलेले पंख पसरून तो नुसता हवेत ठेवल्यासारखा होता. शेपूट उघडे आणि मिटे, उघडे आणि मिटे. दुसरी काही हालचाल नव्हती. तो कलला तेव्हा गळ्याखालची तांबडी उघडी कातडी उन्हात चमकली. खरोखर, सुरी फिरवलेल्या बकऱ्याच्या मानेसारखी. मी दुर्बीण लावली तर त्याचा डोळा माझ्याकडे होता.

मला भीती वाटली हे कबूल करतो. वास्तविक वाटायला नको होती, कारण मी त्याला ओळखले होते. माझा जन्म हर्णैच्या बंदरावरचा. पावसाळ्याच्या तोंडी मोठे तुफान झाले की असे एक-दोन पक्षी किनाऱ्यावर येत. इंग्रजी पुस्तकात त्याला लढाऊ जहाजाचे नाव दिलेले आहे. आमच्याकडचे खलाशी त्याला नावच देत नसत, 'तो वरचा' एवढेच म्हणत. समुद्रात राहूनही त्याला पाण्यावर बसता येत नाही, पिसे भिजतात. दुसऱ्या पक्ष्यांच्या तोंडचे मासे हिसकावून तो जगतो. पण त्याला मी पाहिले होते ते लाटांवर. इथे दीडशे-दोनशे मैल कोरडी जमीन ओलांडून तो या मेलेल्या बाभळींवर येऊन थांबला होता, आणि ओळखीचा माणूस भलत्या गावी भलत्या वेषात भेटावा तसे मला झाले.

मी विष्णुपंतांना सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे नजरचूक नाही."

"नाही."

"तुम्ही लिहून द्याल?"

"देईन. चित्रही काढून देईन."

त्यांनी मान डोलावली, पण हात घोंगड्यात गुंडाळलेल्या बंदुकीवरच राहिला. त्या दिवशी बार काढता आला नाही. पक्षी दुपारपर्यंत वरच राहिला. मग पाण्यात बुडून वाळलेल्या एका बाभळीवर तो उतरला, पंख खाली सोडून, ओले धोतर वाळत घातल्यासारखा. ती बाभूळ बंदुकीच्या टप्प्याबाहेर होती. माझे रंग ब्रशावरच वाळत होते आणि घशाला कोरड पडली होती.

प्यायच्या पाण्याच्या शोधात आम्ही काठावरच्या भोयांच्या झोपड्यांकडे गेलो. एक पस्तिशीचा माणूस डोके तासून झोपडीच्या सावलीला बसला होता. त्याच्या मागे बांबूला जाळी टांगलेली होती, कोरडी खडखडीत. त्याने पाणी दिले. नाव नागनाथ. आम्ही कशासाठी आलो हे त्याने विचारले नाही, त्याला ठाऊक असावे.

"सुतक हाय," तो स्वतःच म्हणाला. "धाकटा भाऊ गेला. सिद्राम. उद्या धावा दिस."

विष्णुपंतांनी विचारले, कसा गेला.

"हितंच. वळवाच्या दिशी. सांगडीवर हुता." सांगड म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांची बांधलेली तरंगती बैठक, या तळ्यावरचे भोई तिच्यावर बसून जाळे टाकतात. "वारं सुटलं, गारा आल्या. दुसऱ्या दिशी सकाळच्याला त्या वाळल्या बाभळीला अडकून गावला. त्याच बाभळीला." त्याने पाण्याकडे बोट केले. पक्षी तिथे बसलेला होता. "आन् त्याला भायेर काडत हुतो तवा पैल्यांदा ह्ये पाखरू वर दिसलं."

झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. नागनाथची आई, रखमाबाई. तिने आमच्याकडे पाहिले, घोंगड्यातल्या लांब वस्तूकडे पाहिले, आणि पुन्हा आत गेली.

परतताना मी मनाशी हिशेब जुळवला. त्याच आठवड्यात कोकणपट्टीत तुफान झाल्याची बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रात होती. समुद्रावरच्या वाऱ्याने हा पक्षी घाटापार लोटला, आणि इकडे वळवाने कावळे मारले, सांगड उलटवली. सगळे सरळ होते, त्यात गूढ काही नव्हते. असे मी विष्णुपंतांना सांगितले. ते म्हणाले, "एकाच वाऱ्याने एक आणला आणि एक नेला." मला त्यांनी असे म्हणायला नको होते. रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

दहाव्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो आणि उजाडेपर्यंत बाभळवनात दडून बसलो. पक्षी यावेळी काठाजवळच्या एका खुंटावर होता, आमच्यापासून साठ पावलांवर. तो थकला असावा. मान खाली घातली होती आणि गळ्याची तांबडी कातडी सैल लोंबत होती. विष्णुपंतांनी बंदूक खांद्याला लावली. मी कानांवर हात ठेवले.

बार झाला नाही. काठाने माणसे येत होती. पुढे नागनाथ, त्याच्यामागे रखमाबाई, गावचा भटजी, आणि दहा-पंधरा भाऊबंद. विष्णुपंतांनी बंदूक खाली घेतली. "होऊ द्या त्यांचे," ते पुटपुटले. "नंतर."

पाण्यापासून दोन हातांवर एक सपाट दगड होता. भटजींनी विधी केला. भाताचा पिंड दगडावर ठेवला, त्याला टेकून पानावर एक भाजलेला मासा ठेवला. सिद्रामला तो आवडत असणार. मग सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट पाहू लागले.

मला आणि विष्णुपंतांना ठाऊक होते की कावळा येणार नाही. पाच मैलांत कावळा उरला नव्हता. त्या माणसांनाही ते ठाऊक असावे, पण कुणी बोलले नाही. सूर्य वर चढत गेला. दगड तापला. पिंडावरचा भात वरून पांढरा पडू लागला.

"काय राहिलंय त्याचं, सांगा," भटजी म्हणाले.

नागनाथ पुढे झाला. रीतीप्रमाणे हात जोडून तो दगडाशी बोलू लागला. "सिद्राम, तुझी पोरं म्या माझी म्हून संबाळीन." आभाळ रिकामे. "तुझ्या बायकुला म्हायेरी धाडनार न्हाय, ती म्हनंल तसं." काही नाही. "आईला तीर्थाला निईन." एक एक वचन देऊन तो वर पाही. घाम त्याच्या तासलेल्या डोक्यावरून गळ्यात उतरत होता. अर्धा तास असा गेला.

भटजी जरा वेळाने म्हणाले, "दर्भाचा कावळा करू. शास्त्राला मान्य आहे. वेळ टळते आहे."

रखमाबाई इतका वेळ खाली बसून होती. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "गवताच्या कावळ्यानं माजं पोरगं फसायचं न्हाय." मग थोरल्या मुलाकडे वळून शांतपणे म्हणाली, "नागू, जे न्हाय सांगितलंस ते सांग."

नागनाथ उभा होता तसा गुडघ्यांवर आला. त्याचा आवाज आम्हाला बाभळवनात नीट ऐकू आला, कारण दुसरा आवाजच नव्हता.

"म्या धाडलं तुला. आभाळ काळं झाल्यालं मला दिसत हुतं. तू म्हनलास, दादा, आज नगं. म्या म्हनलं, भ्यालास का रं." तो थांबला. "तू भ्याला न्हवतास. म्या भ्यालो हुतो. जाळं सोडून यायला म्या जायाला पायजे हुतं, आन् म्या तुला धाडलं."

त्यानंतरचे मी जसे पाहिले तसे सांगतो. खुंटावरून तो काळा पक्षी पंख न फडफडवता सुटला. पाण्यावरून अगदी खालून आला, इतका खालून की त्याची सावली आणि तो एकमेकांना चिकटलेले दिसत होते. दगडापाशी तो क्षणभरही टेकला नाही. त्याची वाकडी चोच खाली गेली, मासा उचलला गेला, आणि पिंड फुटून दगडावरून घरंगळला. पंखांचा वारा बाभळीच्या उघड्या फांद्यांपर्यंत आला. मग तो वर होता, तोंडात मासा आणि चोचीला चार शिते घेऊन.

एका बाईने तोंडावर पदर धरला.

भटजी दोन पावले मागे गेले. "कावळा नव्हे हा," ते म्हणाले. "हे धरता येणार नाही. हे काय आहे ते मला ठाऊक नाही." भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. एकाने दगड उचलला होता. तो हातातच राहिला. नागनाथ अजून गुडघ्यांवर होता, आणि ज्या माणसाने आताच एवढे कबूल केले त्याला, ते कुणी ऐकले, हेच कळत नव्हते.

रखमाबाईने बाभळवनाकडे मान वळवली. आम्ही तिथे आहोत हे तिला सकाळपासून माहीत असावे. "पावणं," ती म्हणाली, "तुमी पाखरं वळखता म्हनं. भायेर या. ह्ये कोन ते सांगा."

मी बाहेर आलो. विष्णुपंतही आले, बंदूक हातात तशीच. मला तीस-चाळीस पावले चालायची होती, आणि तेवढ्यात मला दोन उत्तरे सुचली. खरे उत्तर सोपे होते. समुद्रावरचा पक्षी, वाऱ्याने भरकटलेला, भुकेला. त्याला मासा दिसला, त्याने नेला. पिंडाशी त्याचा काही संबंध नाही. दुसरे उत्तर म्हणजे भटजींच्या दर्भाच्या कावळ्यासारखाच एक कावळा, फक्त गवताऐवजी शब्दांचा. म्हातारीने तो मघाशीच नाकारला होता. तिच्या समोर उभा राहिलो तेव्हाही काय बोलायचे ते माझे ठरले नव्हते.

"आई, मी दर्याकाठचा आहे," मी म्हणालो. "हा पक्षी मी लहानपणापासून ओळखतो. हा दर्याचा कावळा."

तिने माझ्या डोळ्यांत पाहिले. मग ती विष्णुपंतांकडे वळली. ती मला ओळखत नव्हती; पण हे तारमास्तर तीस वर्षे या काठावरून हिंडत होते, आणि ते नाव कधी चुकीचे सांगत नाहीत हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक होते. सगळेच त्यांच्याकडे पाहू लागले. मी मात्र पाहू शकलो नाही.

"होय," विष्णुपंत म्हणाले. "कावळाच आहे."

रखमाबाईने पदर डोळ्यांना लावला. नागनाथ कपाळ दगडाला टेकून रडू लागला, आणि भाऊबंदांतल्या दोघांनी त्याला धरून उठवले. भटजींनी माझ्याकडे बारीक नजरेने पाहिले, पण पुढचे मंत्र सुरू केले.

पक्षी पुन्हा खुंटावर येऊन बसला होता. मासा गिळून तो मान हलवत होता. साठ पावले. आंधळ्याचाही नेम लागला असता. कुणाच्या तरी लक्षात बंदूक आली आणि तो म्हणाला, "ही कशापाई?" विष्णुपंतांनी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसे काढून सगळ्यांना दिसतील अशी तळहातावर धरली आणि मग खिशात टाकली. "आता रिकामी आहे," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर आम्ही विहिरीपाशी थांबलो. मी म्हटले, मी लिहून देतो, चित्रही देतो. ते म्हणाले, "देऊ नका. मी पंधरा माणसांसमोर कावळा म्हटले आहे. आता दुसरे नाव मी कुठे पाठवणार नाही." त्यात राग नव्हता. एखादी तार एकदा सुटली की परत घेता येत नाही, तसे ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तळ्यावर गेलो. पक्षी नव्हता. खुंटावर नव्हता, बाभळीवर नव्हता, आभाळात नव्हता. मेलेलाही कुठे दिसला नाही. तळ्याची शांतता मात्र तशीच होती, आणि ती आता जास्त वाटली. मी फार वेळ थांबलो नाही.

निघायच्या दिवशी नागनाथ नवी पेठेत आला. पायरीवर बसला. आत यायला म्हटले तर आला नाही. मग त्याने विचारले, "दर्या कुन्या दिशेला हाय?"

मी पश्चिमेकडे हात केला.

"लांब हाय का?"

"पक्ष्याला दोन-तीन दिवस."

"मधी पानी हाय?"

मी सीना सांगितली, भीमा सांगितली, मग घाटाखालच्या नद्या. त्याने ती नावे ओठांतल्या ओठांत म्हटली. मग म्हणाला, "तितं तुमचं कुनी असंल तर इचारता यील का? पोचलं का म्हून."

मी विचारीन म्हणालो. त्याने माझे पाय धरले, ते सोडवायला मला विष्णुपंतांची मदत घ्यावी लागली.

गाडी सोलापूर सोडून पश्चिमेकडे निघाली तेव्हा मी खिडकीशी बसलो होतो. सीनेत वाळू होती. भीमेच्या पुलावरून खाली पाहिले तर दोन-चार डबकी उन्हात चमकत होती. पुण्यापर्यंत मी आभाळात पाहत राहिलो. घारी दिसल्या, गिधाडे दिसली.

प्रवास करून आलेल्या माणसाने नवे काय पाहिले ते सांगावे अशी अपेक्षा असते. मी एक पक्षी पाहिला, तो मला आधीच माहीत होता. नवे पाहिले ते विष्णुपंतांना. तीस वर्षे खरे नाव लिहिणाऱ्या त्या माणसाने आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी नोंद एका परक्या म्हातारीच्या पदरात टाकली, आणि मी अजून ठरवू शकलेलो नाही की त्या दिवशी आम्ही दोघे खोटे बोललो की काय. पक्षी त्या कबुलीनंतरच का उठला, याचे उत्तरही माझ्या वाऱ्याच्या हिशेबात बसत नाही. तो भुकेला होता, असे मी स्वतःला सांगतो. तो सकाळपासून भुकेला होता, आणि मासाही इतका वेळ समोरच होता.

मी हर्णैला मामांना पत्र टाकले. उत्तर पावसाळा लागल्यावर आले. मामांनी लिहिले होते: "असले पक्षी यंदाही दोन-तीन आले. वादळाने येतात, जातात. त्यातला तुझा कोणता ते कसे सांगणार?"

ते पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवले. मग विष्णुपंतांच्या पत्त्यावर नागनाथच्या नावे एक कार्ड लिहिले. त्याला वाचता येत नाही. कार्ड विष्णुपंतच तळ्यावर जाऊन मोठ्याने वाचून दाखवणार होते. खुशाली लिहिली, रखमाबाईंना नमस्कार लिहिला, आणि खाली एकच शब्द लिहून ते टपालात टाकले.

पोचला.